पाटीवाल्याचं उत्तर

तिच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही, पण सुरुवातीच्या शब्दापाशीच माझं घोडं अडलं. 'आपले पत्र मिळाले' लिहिलं की वीजबिलाची तक्रार वाटे, आणि 'प्रिय' लिहायला हात उचलला की कान तापत. उन्हाळ्यात आलेलं पत्र थंडी पडली तरी माझ्या जाड्या शब्दकोशात दडून बसलं होतं. पानं उलटताना ते हाती लागे, आणि मी चोरासारखा शब्दकोश मिटून टाके.

शहरातल्या प्राणिसंग्रहालयात मी पाट्या लिहितो. प्राण्याचं नाव, तो काय खातो, कुठे आढळतो, स्वभाव कसा. नोकरी संपली तेव्हा साहेब म्हणाले, "अधूनमधून येत जा, तुमच्यासारखं अक्षर आता कुणाचं राहिलंय?" तेव्हापासून मी अधूनमधून म्हणजे रोजच जातो.

ती भेटली त्या सकाळी नुकतीच भुरभुर होऊन गेली होती. झाडांवरून अजून थेंब टपकत होते. मुलांच्या छोट्या आगगाडीच्या रुळांवर स्टूल टाकून मी एक पाटी रंगवत होतो. मागे भोंगा वाजला... लगेच दुसरा.

"अहो पाटीवाले! एवढं तल्लीन होऊन काय लिहिताय?"

मी वळून पाहिलं. इंजिनात एक बाई, गळ्यात निळी ओढणी. केसांत माझ्याएवढीच चांदी, फक्त तिला ती शोभत होती.

"रूळ... रूळ ओलांडू नये," मी म्हणालो.

"हो, ओलांडत नाहीच आहात तुम्ही. चांगलं ठाण मांडून बसलाय!"

डब्यातली पोरं खिदळली. गडबडीने उठताना माझा ब्रश तिच्या बाहीला लागला. पांढऱ्यावर हिरवी रेघ.

"माफ करा... हा रंग धुतला तरी जात नाही."

"जाणारच नसेल तर माफी कशाला? राहू दे की."

गाडी पुढे गेली. मी किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे. ब्रश वाळून कडक झाला होता एवढं खरं.

पूर्वी ती शाळेची बस चालवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा त्याच्या संसारात. हे सगळं मला हप्त्याहप्त्याने कळलं, कारण गाडी अस्वलाच्या पिंजऱ्यापाशी आली की ती वेग कमी करायची आणि माझ्याकडे एक प्रश्न भिरकावायची.

"पाटीवाले, तुमचं अस्वल कधी हसतं का हो?"

गाडी निघून जाईपर्यंत माझ्या तोंडून उत्तर फुटत नसे. मग मी ते पाटीवर लिहायचो. दुसऱ्या दिवशी अस्वलाच्या पाटीवर, स्वभावाच्या पुढे, एक ओळ वाढली: 'हसत नाही, पण सकाळची गाडी आली की उठून बसते.'

ती ओळ वाचून तिने भोंगा दोनदा वाजवला. पुढच्या प्रश्नाचं उत्तर सारसांच्या पाटीवर गेलं, त्यापुढचं घुबडाच्या. साहेब एकदा कोड्यात पडून म्हणाले, "अहो, घुबडाला निळी ओढणी आवडते हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हणालो, "निरीक्षण आहे, साहेब."

मग शहराबाहेर, डोंगराच्या पलीकडे सफारी पार्क उघडलं. मोठे प्राणी तिकडे न्यायचे ठरलं. अस्वलही. पाहायला मोठे प्राणी नाहीत म्हटल्यावर छोटी गाडी बंद पडली, आणि तिकडच्या बससाठी तिला बोलावणं आलं. आम्हा सगळ्यांनाच विचारलं होतं, इथे राहणार की तिकडे येणार? मी फार विचार न करता 'इथे' सांगून टाकलं. पिंजराच नाही तिथे पाटी टांगणार कशावर? खरं सांगायचं तर मला पिंजरे आवडायचे. कोण कुठे आहे ते पक्कं ठाऊक असतं. कुणी अचानक समोर येत नाही.

जाताना ती म्हणाली, "तिकडे गंमत आहे बघा. प्राणी मोकळे, आणि आपण जाळीत."

"म्हणजे... तुम्ही जाळीत."

"हो, मीच," ती म्हणाली. इंजिनाचा भोंगा तिने काढून पिशवीत घातला होता. मी पिशवीकडे पाहत राहिलो. तिच्याकडे पाहायला हवं होतं.

नंतर ते पत्र आलं. 'इथे पाट्या नाहीत. लोक विचारतात हे काय, ते काय, आणि मी थापा मारते. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. पुढे माइकही आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे. याल का?'

माइक! चार माणसांत नाव विचारलं तर मी चष्मा पुसू लागतो. तिला माहितगार हवा होता, आणि मी तो होऊ शकत नव्हतो. याहून जास्त त्या पत्रात काही असेल असं मानायचा धीर मला होत नव्हता.

त्या थंडीत माझी पुतणी लेकीला घेऊन आली. रविवारी कुठे जायचं यावर घरात खल सुरू झाला.

"प्राणिसंग्रहालयच बरं," मी म्हणालो. "पायी फिरता येतं, थांबता येतं. सफारीत काय, काच आणि धूळ. प्राणी झुडपात झोपलेले."

"काका, सफारीचं नाव काढलं की तुम्ही एवढे लाल का होता?" पुतणीने विचारलं.

निकाल तिच्या लेकीने लावला. "आजोबा, तुमच्या पाट्या मला सगळ्या पाठ झाल्यात. घुबडाची ओढणीसुद्धा."

रविवारी आम्ही सफारीला निघालो.

बसमध्ये मी शेवटची जागा पकडली आणि वर्तमानपत्र उघडून त्यामागे बसलो. पत्र्याच्या फटीतून पाहावं तसं कडेने पाहिलं. चाकामागे तीच होती. शेजारची जागा रिकामी, तिच्यावर नुसती एक निळी ओढणी. जाळीची दारं लागली, बस गवताळ उतारावरून निघाली. हरणं दिसली. तिने माइकवर सांगितलं, "ही हरणं रोज सकाळी पहिलं गवत एकमेकांना देतात." शुद्ध थाप! मी वर्तमानपत्राआड ओठ चावले.

डबक्यापाशी बस थांबली. तिथे काही नव्हतं. लोक कुरकुरू लागले. तिने भोंगा वाजवला... लगेच दुसरा. तोच, छोट्या गाडीचा.

चिखलातला एक काळा ढीग हलला आणि उठून बसला.

माझं अस्वल! केस दाट झाले होते, अंगावर चिखल होता. पिंजऱ्यात ते सतत चार पावलं पुढे, चार मागे करायचं, इथे स्वस्थ बसून नाक वर करून वारा हुंगत होतं. म्हातारपणी याचं त्या मोकळ्यावर कसं होणार, या काळजीने मी किती रात्री कूस बदलत काढल्या होत्या. छातीवरचा दगड उतरावा तसं झालं. वर्तमानपत्र हातातून कधी गळलं कळलं नाही.

तिने आरशातून मागे पाहिलं. माइक तोंडाशी नेला.

"मंडळी, आज आपल्याच बसमध्ये एक दुर्मीळ प्राणी आहे. शेवटच्या रांगेत. निरुपद्रवी आहे, हात लावला तरी चावत नाही. फक्त पत्राला उत्तर देत नाही."

सगळी बस मागे वळली. पुतणीने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हळूच म्हणाली, "अच्छा... म्हणून लाल!"

फेरी संपल्यावर लोक उतरले. मी पायरीपाशी घुटमळलो.

"मला माइकवर बोलता येत नाही," मी म्हणालो. एका दमात.

"मग नका बोलू. मी बोलते की, ऐकलंत ना?"

"हरणांचं खोटं होतं."

"तेवढं कानात सांगत जा."

"मग पत्रात माइकचं कशाला लिहिलंत?"

तिने जागेवरची ओढणी उचलली, घडी घातली. "नुसतं 'शेजारी येऊन बसा' लिहिलं असतं, तर तुम्ही शहर सोडून पळाला असता."

"म्हणजे... ती जागा..."

"जागा बसायला असते, पाटीवाले."

मी हसलो. पोटातून, मोठ्याने. एवढे महिने मी ज्याला घाबरत होतो ते कधी कुणी मागितलंच नव्हतं. तिच्या बाहीवर, मनगटाच्या वर, ती हिरवी रेघ अजून होती.

"मग माझं उत्तर असं आहे की—"

"छे! तोंडी नको. एवढी वाट पाहिलीय, हातात घेऊन वाचणार मी."

घरी आलो आणि कोऱ्या कागदाला हातच लावला नाही. पत्र्याचा एक लहान तुकडा घेतला, हिरवा रंग कालवला. पहिल्याच झटक्यात लिहिलं. नाव: पाटीवाला. स्वभाव: लाजाळू, हाक मारल्यास उठून बसतो. काय खातो: ताटात पडेल ते. कुठे आढळतो, यापुढे जरा थांबलो. आजवर शहरात, असं लिहिलं, मग त्यापुढे: पुढल्या सोमवारपासून सफारीच्या बसमध्ये, पुढच्या जागेवर, गाडीवालीशेजारी.

सकाळी रंग वाळल्यावर जाड पाकिटात घातलं, तिचा पत्ता माझ्या उत्तमातल्या उत्तम अक्षरात लिहिला, वर तिकिटं जरा जास्तच चिकटवली. कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेलो. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, टाकताय ना?"

"टाकतोय," मी म्हणालो, आणि टाकलं. पेटीच्या तळाशी पत्रा खणकन वाजला.