काचेवरची फळी

वादळाची सूचना आली तेव्हा सूनबाईने पहिलं काम केलं ते सुताराला निरोप धाडण्याचं. काम अगदी साधं होतं. माळ्यावरच्या खोलीच्या उतरत्या छतात एक मोठी काच बसवलेली होती. तिच्यावर बाहेरून प्लायवूडची फळी स्क्रूने आवळायची. काचेच्या बरोब्बर खाली तिच्या सासऱ्यांची, अण्णांची, खाट होती. अण्णा लुळे पडलेले. मानेखालचं शरीर हलत नव्हतं.

ही काच म्हणजे धाकट्या दिरांची देणगी. आजाऱ्याला आकाश दिसलं पाहिजे, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं आणि वाचलेलं करून बघायला थोरल्या भावाचं घर निवडलं होतं. चार माणसं लावून अण्णांना अरुंद जिन्याने वर चढवलं आणि स्वतः आपल्या बिनकाचेच्या घरी परतले. आता अण्णांना खाली आणायला चार सोडा, एकही माणूस नव्हता. नवरा परगावी अडकला होता.

"वहिनी, काच मजबूत आहे. उगाच घाबरता तुम्ही," दीर फोनवर म्हणाले.

"मग या की भावजी. झोपा तिच्याखाली."

फोन बंद. रेंज गेली म्हणे. रेंजला कधी जायचं ते बरोबर कळतं.

दुपारीच अंधारून आलं. वीज गेली. वारा छपराखाली घुसून कण्हू लागला. सूनबाई बॅटरी घेऊन अण्णांच्या उशाशी बसली, तोच छतावर पावलं वाजली. सावकाश, जड. मग काचेवरून काहीतरी सरकलं आणि होता तो करडा उजेडही मिटला.

"आलात एकदाचे!" ती कडाडली. "मिस्त्री, ही काय यायची वेळ? माणूस मेल्यावर येणार होतात का?"

वरून फक्त स्क्रू पिळल्याचा आवाज. कर्र... कर्र... आणि खोलीत खोल खणलेल्या मातीचा वास.

"कोपरे नीट आवळा. कामचुकारपणा चालणार नाही!"

आवाज थांबला. मग पहिल्या कोपऱ्यापासून पुन्हा सुरू झाला.

"सूनबाई..." अण्णा पुटपुटले. "त्याला... ओरडू नकोस..."

"का नको? गोड बोललं की डोक्यावर बसतात."

मग वादळ आलं. भिंती हादरल्या. एक अख्खी फांदी छतावर आदळून घरंगळत गेली. काच मात्र खुळखुळलीसुद्धा नाही.

वारा पडला तसं दार वाजलं. दारात सुतार, नखशिखांत भिजलेला, खांद्यावर प्लायवूड.

"माफ करा वहिनी. रस्त्यात झाड पडलं होतं. आत्ता वाट मिळाली."

"आणि मघाशी वर कोण होतं? तुमचे आजोबा?"

"मी आत्ताच येतोय हो!"

"वर चढा. आपल्या डोळ्यांनी बघा."

त्याने बाहेरून शिडी लावली. ती तरातरा माळ्यावर गेली. खोलीत अजून काळोख होता.

"वहिनी, इथे फळीबिळी काही नाही," वरून आवाज आला.

"डोळे फुटले का तुमचे? इथे मिट्ट अंधार आहे!"

"काच मोकळी आहे. स्क्रूचं भोकसुद्धा नाही. ऊन पडलंय, वहिनी." त्याने काचेवर टकटक केलं. ती टकटक तिच्या डोक्यावरच्या काळोखातून आली. "मला सगळं लख्ख दिसतंय. अण्णा दिसतायत. तुम्ही उशाशी उभ्या, हातात बॅटरी..."

तो काचेवर आणखी वाकला.

"वहिनी... पायथ्याशी बसलेत ते कोण?"

तिने बॅटरी वळवली. पायथ्याशी कोणीच नव्हतं. गादी मात्र तिथे खोल दबली होती. आणि अण्णांनी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले होते.