विरोधातला हात

“हा अहवाल लिहिलाय तरी कुणी? ऑपरेशनच्या आधी पेशंटला यातली दोन पानं वाचून दाखवली, तर भुलीचा खर्च वाचेल आपला.”

कॅन्टीनच्या खिडकीपाशी हशा पिकला. बोलणारा प्लास्टर-रूमचा तंत्रज्ञ होता. हॉस्पिटलात त्याला सगळे प्लास्टरवालाच म्हणत. कर्मचारी पतपेढीचा वार्षिक अहवाल हातात धरून तो वर्तमानपत्रासारखा मोठ्याने वाचत होता. “‘सभासदांना कळविण्यास आनंद होतो की, अहवाल वर्षात संस्थेच्या ठेवींमध्ये समाधानकारक वाढ झाली असून...’ झोपलात का रे?”

समोरचे झोपले नव्हते, पण एकेकाचा चेहरा भलताच गंभीर होत चालला होता. कारण त्याच्या पाठीमागे चहाचा कप घेऊन एक मुलगी उभी होती.

“मी लिहिलाय,” ती म्हणाली.

तो वळला. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत बसून पतपेढीचे हिशेब बघणारी ती हीच. अर्ध्या हॉस्पिटलाला तिचं खरं नाव ठाऊक नव्हतं. ‘ए पतपेढी’ अशी हाक मारली की ती ओ द्यायची.

“अक्षर... छान आहे,” तो म्हणाला.

“छापलेलं आहे.”

“तेच म्हणतोय. छपाई.”

मित्रांना एकाएकी आपापल्या वॉर्डांची आठवण झाली. टेबल रिकामं झालं. खरं तर तिने फणकाऱ्याने निघून जायला हवं होतं. पण तिला राग आला नव्हता, झोंबलं होतं, आणि झोंबलं होतं ते तो खरं बोलला म्हणून. शिवाय वर्ष असलं दणदणीत गेलं होतं की कुणाला तरी सांगितल्यावाचून तिला राहवत नव्हतं. तिने खुर्ची ओढली.

“समाधानकारक म्हणजे किती, माहितीये? ठेवी सव्वापट झाल्या. एका वर्षात. सभासद दोन हजारांच्या वर गेले. आणि थकबाकी... संस्था सुरू झाल्यापासून एवढी कमी कधीच नव्हती. नावं सांगता येत नाहीत मला, पण तुमच्याच मजल्यावरच्या एका सिस्टरने आमच्या कर्जावर घर घेतलं. एका ड्रायव्हरची मुलगी आमच्या कर्जावर शिकली. परवा पहिला पगार झाला तेव्हा स्वतः येऊन वडिलांचा हप्ता भरून गेली. मला पावती फाडता येईना, इतकं भरून आलं होतं.”

बोलताना तिचे हात हवेत चालले होते, कपातला चहा हिंदकळत होता आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याचं मात्र होतं. कप सांडेल म्हणून त्याने तो हळूच तिच्या हातातून काढून टेबलावर ठेवला. ती मध्येच थांबली.

“मग असंच लिहायचं ना,” तो म्हणाला.

“असंच लिहिलं होतं. मेट्रनबाईंनी खोडलं.” मेट्रनबाई पतपेढीच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यांच्या लाल पेनापुढे डॉक्टरांचंही काही चालत नसे.

“बरं, एवढा नफा झाला, तर लाभांश किती यंदा?”

“नऊ टक्के.”

“गेल्या वर्षीही नऊच होता.”

“हो. कारण वाढलेल्या नफ्यातून कर्जाचं व्याज कमी करायचंय. आणि कंत्राटी कामगारांना सभासद करून घ्यायचंय. सफाईवाल्या, वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक... त्यांना कुणी दारात उभं करत नाही. बाहेरून महिना दहा टक्के व्याजाने कर्ज उचलतात. शेवटच्या पानावर ठराव आहे. तिथपर्यंत पोचायच्या आधी झोपलात वाटतं.”

तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, “मी या ठरावाच्या विरोधात आहे.”

“वाचला नाहीत अजून.”

“वाचून विरोधात जाईन.”

“जा की,” ती कप उचलत म्हणाली. “फक्त वाचा.”

आणि जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की आपण उगाचच हसतोय.

*

दुसऱ्या दिवशी तो जिन्याखालच्या खोलीच्या दारात हजर. पांढरा कोट, बाह्यांवर प्लास्टरची भुकटी, हातात अहवाल. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा.

“एक शंका आहे. राखीव निधी म्हणजे नक्की कुणासाठी राखीव?”

तिने समजावलं. त्याच्या पुढल्या दिवशी त्याला घसाऱ्याची शंका आली. मग गुंतवणुकीची. मग त्याला एक शंका आली आणि दारापर्यंत येईतो तो ती विसरला, तरी बसला मात्र चांगला पाऊण तास.

“हा माणूस नोकरीला लागल्यापासून या खोलीत फिरकला नव्हता,” मेट्रनबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “एवढा जागरूक सभासद कधी झाला?”

“सभा जवळ आलीये ना,” ती म्हणाली.

“हं. सभा.” मेट्रनबाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं.

एकदा तीच वर गेली. सह्यांचा कागद द्यायचा होता, तो शिपायाकडे देता आला असता, पण... गेली. तो एका म्हाताऱ्या बाईंच्या मनगटाचं प्लास्टर कापत होता. करवतीचा आवाज ऐकून बाईंनी डोळे घट्ट मिटले होते.

“आजी, ही करवत नुसती ओरडते, चावत नाही. हे बघा.” त्याने फिरती करवत स्वतःच्या तळहाताला टेकवून दाखवली. बाईंनी एक डोळा उघडला. प्लास्टर दुभंगलं, आतून सुरकुतलेला, फिकट हात निघाला, आणि त्याने तो आपल्या दोन्ही हातांवर असा तोलून घेतला, की दारात उभ्या असलेल्या हिच्याच मनगटाला कसंसं झालं.

“काही काम होतं?” त्याने विचारलं.

“सही,” ती म्हणाली आणि कागद उलटा पुढे केला.

*

सभेच्या आधीच्या रविवारी त्याने विचारलं, “माझा विरोध कशासाठी आहे ते बघायला याल? घरी. बाबा असतील.”

त्याचे बाबा याच हॉस्पिटलात रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाप-लेक राहायचे. बाबांनी तिला खुर्ची पुसून दिली, स्वतः चहा केला आणि पतपेढीतून आलीये म्हटल्यावर कपाटावरचं घड्याळ दाखवलं. “हे पहिल्या लाभांशाचं. तो पंखा मागल्या का त्याच्या मागल्या वर्षीचा. ही गेली त्या साली काही घेतलं नाही.” ही म्हणजे त्याची आई. “पेन्शन काय, महिन्याला येते नि किराण्यात जाते. पण लाभांशाचं पाकीट आलं ना, की वाटतं, हॉस्पिटल अजून आपल्याला विसरलेलं नाही.”

ती चहा पीत ऐकत होती. खाली सोडायला आल्यावर तो म्हणाला, “असे पुष्कळ आहेत. आयुष्यभर थोडं थोडं साठवून पतपेढीचे भाग विकत घेतले त्यांनी. आज संस्था वाढली, तर त्यांच्या वाट्याला दोन टक्के जास्त का येऊ नयेत? आणि कंत्राट संपून माणूस निघून गेला, तर वसुली कुणाकडून करणार?”

“आधी सहा महिने बचत, मग छोटं कर्ज, दोन जुने सभासद जामीन.”

“जामीन राहणार कोण?”

“मी राहीन.”

“तुम्ही किती जणांना पुरणार?”

रस्त्यावर वारा सुटला होता, तिची ओढणी सारखी उडत होती आणि ती सावरायच्या निमित्ताने तिला त्याच्याकडे न बघता बोलता येत होतं.

“बाबांना बघून वाईट वाटलं,” ती म्हणाली. “म्हणजे... चांगलं वाटलं, म्हणून वाईट वाटलं. पण मी ठराव मागे घेणार नाही.”

“घेऊ नका. मीही तुमच्याकडे बघून मत बदलणार नाही.”

“बदललंत, तर परत बोलणार नाही मी तुमच्याशी.”

तो तिच्याकडे वळला. काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं. “मला... तुम्हाला एक—” एवढ्यात तिची बस आली, आणि ती मूर्खासारखी चढून बसली.

त्यानंतर सभेपर्यंत तो खाली आला नाही. एकही शंका नाही. तिने हिशेब तीनतीनदा तपासले, दारात पावलं वाजली की मान वर केली, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी पासबुक भरून घ्यायला आलेलं असायचं.

*

सभा हॉस्पिटलच्या मोठ्या सभागृहात होती. एरवी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असत आणि उरलेले लोक खाण्याच्या पाकिटांकडे डोळे लावून बसत. यंदा मागे भिंतीला टेकून माणसं उभी होती. अगदी दारापाशी, आत यावं की नाही अशा बेताने, सफाईवाल्या बायका थांबल्या होत्या. त्यांना मत नव्हतं, पण निकाल ऐकायचा होता. नियम बदलायचा तर दोन तृतीयांश मतं लागणार होती.

मेट्रनबाईंनी अहवाल उघडला, पहिली ओळ मनातल्या मनात वाचली आणि मिटला.

“हिने लिहिलाय, हीच सांगेल,” त्या म्हणाल्या. “खोडलेलं सगळं सांग गं.”

माइकपाशी उभं राहिल्यावर तिला समोरचं काही दिसेना. मग चौथ्या रांगेत तो दिसला, शेजारी इस्त्रीच्या शर्टातले बाबा. तो मान किंचित पुढे काढून बसला होता, कॅन्टीनमध्ये बसला होता तसाच. आणि ती त्यालाच सांगू लागली. ठेवी कशा वाढल्या, कोणत्या महिन्यात छाती धडधडली, थकबाकी कुणी कशी फेडली. नावं न घेता तिने माणसं उभी केली, आणि जो तो शेजाऱ्याला कोपराने ढोसून ‘हा मीच’ म्हणू लागला. आकडा आला की टाळ्या, दुसरा आकडा आला की त्याहून मोठ्या. ताळेबंदाला टाळ्या पडलेल्या मेट्रनबाईंनी जन्मात पाहिल्या नव्हत्या.

मग ठराव आला, आणि तो उठला.

तो चांगलं बोलला. उसनवारीचं काही नव्हतं त्यात. निवृत्तांबद्दल बोलला, वसुलीबद्दल बोलला, आणि शेवटी म्हणाला, “या ठरावामागचा हेतू चांगला आहे, हे मला माहीत आहे. पण आधी ज्यांनी संस्था उभी केली त्यांचं बघा, असं माझं म्हणणं आहे.”

सभागृहात चुळबुळ झाली. ती घोटभर पाणी प्यायली.

“त्यांचं म्हणणं खोटं नाही,” ती म्हणाली. “म्हणून मी एकच सांगते. जुन्यांचे नऊ टक्के कमी होणार नाहीत, हे मी बघेन. आणि जामीन किती जणांना राहणार, असं मला कुणीतरी विचारलं होतं. मी एकटी पुरणार नाही. म्हणून आज तुम्हाला विचारतेय.”

“अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करा,” मेट्रनबाई म्हणाल्या.

हात वर गेले. आधी नर्सेस, मग लॅबवाले, मग मागच्या भिंतीपासून लाट आल्यासारखे. चौथ्या रांगेत बाबांनी शर्टाची बाही सावरली आणि हात वर केला. मुलाने त्यांच्याकडे चमकून पाहिलं.

“रात्री-अपरात्री माझ्याबरोबर स्ट्रेचर उचलणारे कंत्राटीच होते,” बाबा समोर बघत म्हणाले. “मला घड्याळ एक पुरतं.”

“विरोधात?”

त्याने हात वर केला. अगदी सरळ, डोळे तिच्यावर. त्या भरल्या सभागृहात तो तिच्या विरोधात हात उंच धरून बसला होता, आणि हिला वाटत होतं, आत्ता, या क्षणी, हा माणूस आपल्याला जेवढा आवडतोय तेवढं जगात काही आवडलेलं नाही.

मोजणी झाली. दोन तृतीयांशावर चांगली गच्च भर घालून ठराव मंजूर झाला. दारापाशी कुणीतरी पदराने डोळे टिपले.

*

गर्दी पांगल्यावर तो व्यासपीठाशी आला. “अभिनंदन. घरातसुद्धा मतं फुटली माझी.”

“खाली का आला नाहीत इतके दिवस?”

“आलो असतो तर हात वर गेला नसता.” त्याने खुर्चीची पाठ धरली, सोडली, पुन्हा धरली. “माझा पण एक ठराव आहे. सूचक मी, आणि अनुमोदन जर—”

“ठराव-बिराव नको,” ती म्हणाली. “सरळ सांग.”

ते ‘सांग’ ऐकून तो गडबडला.

“मला तू आवडतेस,” अखेर तो म्हणाला. “राखीव निधी मला पहिल्याच दिवशी कळला होता. पण तू समजावत होतीस... आणि मला उठवेना. दर वर्षी भांडेन मी तुझ्याशी, ते आधीच सांगतो. पण भांडून झाल्यावर घरी एकत्र जावं, असं वाटतं.”

ती उत्तर देणार, तोच मागून आवाज आला, “मॅडम, नावं आज घेता का आमची?”

सफाईवाल्या बायका उभ्या होत्या, त्यांच्यामागे वॉर्डबॉय, त्यांच्यामागे आणखी कोण कोण.

“सहकार खात्याची मंजुरी यायला महिना लागेल,” ती म्हणाली, “पण नावं...” आणि तिने असहाय होऊन त्याच्याकडे पाहिलं.

“घे की,” तो म्हणाला. त्यानेच टेबल ओढलं, खुर्ची मांडली आणि लोकांना ओळीत उभं केलं. एक बाई घुटमळत म्हणाली, आम्हाला ओळखणारं जुनं कुणी नाही, जामीन कोण राहील. तो खिशातलं पेन काढत म्हणाला, “मत माझं विरोधात होतं, मावशी. पण तुम्ही आता सभासद होणार म्हटल्यावर मला चालेल. ए पतपेढी, माझं नाव लिही.”

तिने लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

शेवटचं नाव लिहून होईतो दुपार उलटली होती. सकाळपासून पोटात काही नाही, हे तिला आत्ता आठवलं. ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“हो,” ती म्हणाली.

“काय हो?”

“तू जे सगळं म्हणालास ना... भांडणासकट. हो.”

बाहेर पाळी सुटायची वेळ झाली होती. जिना माणसांनी भरला होता, वरून खालून सगळे एकदम, म्हणून त्याने तिचा हात धरला. खालच्या मजल्यावर पोचेतो गर्दी विरळ झाली. फाटकापाशी तर कुणीच नव्हतं.

हात मात्र तसाच राहिला.