शीतखोलीतले कोरडे डबे

"वहिनी, दुपारच्या बैठकीआधी मला एक नाव हवंय," विद्यापीठाचे वित्ताधिकारी म्हणाले. "शीतखोली कुणी बंद पाडली?"

वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, त्यांची पिशवी धरत आणि चुकीचे अंदाज बांधत. दुसऱ्या कामात त्यांचा हात कुणी धरू शकलं नसतं.

"नावानं काय होणार?" वहिनींनी विचारलं.

"दुरुस्तीला जेमतेम एका कामापुरते पैसे उरलेत. ग्रंथालयाचं छतही गळतंय. मुद्दाम केलेल्या मोडतोडीला पैसे दिले तर उद्या जो तो हातोडा घेऊन बसेल."

"यंत्र जुनंच होतं ना? आधी का नाही दिले?"

"चालू होतं हो. आधी मोडलेल्यांची रांग संपायला नको?"

शीतखोलीत जुन्या धान्यांच्या बिया होत्या. कुठल्याच शेतात आता न उरलेल्या. त्या सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना सगळे बियाणेसर म्हणत. ते दाराशी उभे होते, चेहरा उतरलेला. रात्रभर खोलीचं दार बंद होतं. सकाळी त्यांनीच ते उघडलं होतं.

आत उकडत होतं. बर्फ वितळून फरशीवर पाणी साचलेलं. भाऊजी घसरले आणि फळीवरच्या डब्याला धरून कसेबसे सावरले. चिठ्ठीवरची शाई पुसली की काय, म्हणून त्यांनी घाबरून हात पाहिला. स्वच्छ होता. चिठ्ठी पापडासारखी कोरडी.

"डबे उघडू नका," बियाणेसर म्हणाले. "दमट हवा लागेल."

वायरमन यंत्रामागून बाहेर आला. "वायर सोडवलीय, वहिनी. पण काम बघा! स्क्रू पुसून बशीत ठेवलेत. माझा चुलतभाऊ इतक्या वर्षांत हे शिकला नाही."

"म्हणजे वायरमननंच केलं," भाऊजी कुजबुजले.

"तो स्वतःची स्तुती करेल, भाऊजी, पण इतकी नाही."

समोरच किड्यांचा अभ्यास करणाऱ्या कीटकबाईंची प्रयोगशाळा होती. सगळे तिकडे गेले. खोली मला द्या, असा बाईंचा जुना तगादा. बियाणेसरांशी त्यांचा अबोला तर साऱ्या इमारतीला पाठ होता.

"मी कशाला बंद पाडू?" बाई फणकारल्या. "मागायची ते तोंडावर मागते."

टेबलावर टाचलेल्या भुंग्यांचे ट्रे छातीइतके रचलेले होते. भाऊजींना तहान लागली होती. कुणाला विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून त्यांनी गुपचूप फ्रीज उघडला. आत पाकिटंच पाकिटं; पाण्याचं नाव नाही.

"दार लावा! आधी दार लावा!" मागून बियाणेसर ओरडले.

भाऊजींनी दचकून दार लावलं आणि तीनतीनदा माफी मागितली. वहिनी मात्र हसल्या. "भाऊजी, तुमची तहान आज कामाला आली."

त्यांनी सगळ्यांना तिथंच बसवलं.

"मोडायला आलेला माणूस स्क्रू पुसून ठेवत नाही. यंत्रावर जीव असलेलाच ठेवतो. दुसरं, थंड डबा उकाड्यात आला की घामाघूम होतो. पण चिठ्ठ्या कोरड्या. म्हणजे हे डबे थंड नव्हतेच. रिकामे, मागाहून मांडलेले."

"मग बिया?" वित्ताधिकाऱ्यांनी विचारलं.

"भुंगे टेबलावर का आले? फ्रीजमध्ये जागा करायला. आणि जन्माची ठेव नासलेला माणूस भांडखोर शेजारणीच्या फ्रीजचं दार लावायला धावेल? सर, बिया त्या पाकिटांत आहेत. वायर तुम्हीच सोडवलीत."

बियाणेसरांनी मान खाली घातली. "यंत्र या उन्हाळ्यात जाणारच आहे. मोडेपर्यंत थांबलो तर बियाही जातील."

"म्हणून खोटं?" वित्ताधिकारी उसळले.

"इतकी वर्षं अर्जांत खरंच लिहीत होतो, साहेब. तेव्हा तुम्ही एकदा तरी खोली बघायला आलात?"

 वित्ताधिकारी बाईंकडे वळले. "आणि तुम्ही? तुमचं तर भांडण!"

"भांडण आमचं," बाई म्हणाल्या. "बियांनी माझं काय वाकडं केलंय?"

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. "नाव मिळालं. आता बैठकीत काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

बैठक लांबली. भाऊजींना वाटत होतं, आपण तो फ्रीज उघडलाच नसता तर बरं झालं असतं.

वित्ताधिकारी परतले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. "सगळं सांगितलं. ग्रंथालयवाल्यांनी मला सोलून काढलं. छताला यंदा ताडपत्री. चालू यंत्राला पैसे द्यायची ही पहिलीच वेळ." त्यांनी बियाणेसरांकडे पाहिलं. "पण सर, खोली यापुढे तुमच्या ताब्यात नाही. तेवढं मला टाळता आलं नाही."

बियाणेसरांनी खिशातून किल्ली काढली. कुणाकडे द्यावी, हे त्यांना कळेना. कीटकबाईंनी हात पुढे केला.

"नुसती किल्ली घेऊन मी काय करू?" त्या तुसडेपणानं म्हणाल्या. "मला गहू आणि जव वेगळे ओळखता येत नाहीत. बसा. सांगा एकेक."

बियाणेसर बसले. चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी फ्रीजमधलं पहिलं पाकीट काढून बाईंच्या तळहातावर ठेवलं.