चाचणीचं सूप

ऐन जेवणाच्या गर्दीत हॉटेलच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरनं मान टाकली आणि गल्ल्यावर बसलेल्या तिच्या तोंडचं पाणी पळालं. बिलासाठी ताटकळलेल्या गिऱ्हाइकांतला एक तरुण पुढे झाला.

"मी बघू का? कॉम्प्युटर दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे."

"बघा. पण आधीच सांगते, आतलं सॉफ्टवेअर माझ्या वयाचं आहे."

"मग कुठे जुनं आहे...?" तो तिच्याकडे बघत म्हणाला आणि एकदम गडबडून कीबोर्डवरची धूळ फुंकू लागला. ती सगळी तिच्या डोळ्यांत गेली.

मशीन कामातून गेलं होतं. नवं आणता येईल, पण त्यात ऑपरेटिंग सिस्टीम कोणती घालायची? जुनीवर सगळं चाललं असतं, पण तिला आता कोणी वाली नव्हता. ती सारखी बंद पडली असती. अगदी नवी या म्हाताऱ्या सॉफ्टवेअरला दारात उभं करील की नाही, शंकाच होती. मधली एक होती. आणि सॉफ्टवेअरच बदला म्हटलं, की हॉटेलचे मालक, म्हणजे तिचे बाबा, असे बघायचे की बोलणाऱ्यानं विषय बदलावा.

"तिन्ही माझ्या लॅपटॉपवर तपासून बघू," तो म्हणाला.

तपासायचं म्हणजे खोटी ऑर्डर टाकायची आणि स्वयंपाकघरातल्या प्रिंटरवर चिठ्ठी निघते का ते बघायचं. पण स्वयंपाकघरात राज्य आत्याचं. चिठ्ठी निघाली की ती पदार्थ करणार, आणि केलेला पदार्थ मुळीच परत घेणार नाही. त्यानं पदार्थांच्या यादीतलं पहिलं नाव दाबलं. थोड्याच वेळात त्याच्यापुढे वाफाळतं टोमॅटो सूप आलं.

"अहो आत्या, ऑर्डर खोटी होती," तो म्हणाला.

"सूप खरंय. प्या."

मग तो येतच राहिला. कधी ही सिस्टीम, कधी ती... आणि दर वेळी सूप. आत्यानं त्याचं नावच 'टेस्टिंग' पाडलं.

"आला का गं तुझा टेस्टिंग?"

"माझा कुठला? कॉम्प्युटरचा!" ती फणकारायची, पण कान तापायचे. बाउल मात्र ती स्वतः नेऊन ठेवायची. मिरपुडीची डबी देताना बोटाला बोट लागायचं आणि तो लागलीच पुन्हा मिरपूड मागायचा. शेवटी ठसका लागायचा, तो वेगळाच.

एक दिवस बाबा वैतागले. "आज काय तो सोक्षमोक्ष लावा!"

तिनं मनातल्या मनात धावा सुरू केला. जुनी सिस्टीम म्हणू दे... सारखी बिघडेल, सारखा येईल.

"मधली टाकतो," तो म्हणाला. "इंटरनेट तेवढं जोडू नका, म्हणजे व्हायरस शिरणार नाही. मग माझी गरजच पडणार नाही."

बाबा खूश होऊन नव्या मशीनवर बिलं काढून बघायला बसले. तो पिशवी भरू लागला. तिला रडूच फुटायचं राहिलं होतं.

"इतकी घाई झालीय सुटायची?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "जुनी टाकली असती तर—"

"तर रोज बंद पडली असती."

"पडू दे ना!" तिनं जीभ चावली.

त्यानं पिशवी खाली ठेवली. "मधली चालते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग... एवढ्या चाचण्या?"

"तुम्ही समोर बसायचात म्हणून. आणि खरं सांगू? मला टोमॅटो सोसत नाही. घरी गेल्यावर रात्रभर अंग खाजवतो."

"मग दुसरं काही मागवायचं ना!"

"मागवणार होतो... पण तुम्ही स्वतः बाउल घेऊन आलात. नाही कसं म्हणणार? मला तुम्ही आवडता. पण त्यासाठी तुमच्या बाबांच्या गळ्यात बिघडणारं मशीन बांधणं... नाही जमलं."

तिला हसू आलं, डोळेही भरून आले. "मग उद्या या. पिशवी घरी ठेवून या. माझी सुट्टी आहे, बाहेर कुठेतरी जाऊ."

"आणि टोमॅटो सोसत नाही तर इतके दिवस तोंड शिवलं होतं का?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्या कडाडली.

बाबांनी चमकून मान वर केली. "कोणाला काय सोसत नाही?"

तो पिशवी उचलून दाराकडे सरकला. तिनं त्याचा हात धरला, आणि बाबा बघत असतानाही सोडला नाही.