ओढ्याकाठचा हद्दीचा दगड

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या जावयाचं झालं, आणि माझ्या डोळ्यांदेखत झालं. पटलं तर घ्या.

आमचं गाव स्टॅनबोर्न. जुन्या पेठेचं, पडक्या तटाचं. महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षीचा मे महिना. येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार.

त्या दिवशी पाद्रीबुवांमागून सगळं गाव हद्दीवरून फिरतं. दगड आला की कुणाला तरी उलटं धरायचं आणि डोकं दगडावर आपटायचं. हळूच. हद्द जन्मभर लक्षात राहावी म्हणून.

माझ्या मुलीला, हेस्टरला, तेव्हा दिवस गेले होते. तिचा नवरा लेनर्ड कॉव्हेंट्री शहरातला. गाव बघायला पहिल्यांदाच आला होता.

"शेवटच्या दगडाला जावईबापूंचा मान!" प्रूएट खाटीक ओरडला.

"शहरी डोकं आहे रे, दगडच फुटायचा!" मागून कुणीतरी म्हणालं.

लेनर्डही हसला. "बाबा, हे लोक खरंच आपटतात का हो?"

"हळूच रे," मी म्हणालो.

शेवटचा दगड ओढ्याकाठी. प्लेगच्या साली बाहेरून आलेल्यांना गावाने तिथेच अडवलं. पाणीसुद्धा दिलं नाही. तिथेच मेले, तिथेच पुरले. सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी बोलत नाही.

चौघांनी लेनर्डला उलटा उचलला. टोपी पडली. लोक हसले.

ठक.

आणि... दगडाखालून उत्तर आलं.

ठक.

ओढा वाहत होता... पण त्याचा आवाज नव्हता.

"पुरे! खाली ठेवा त्याला!" मी ओरडलो.

"आम्ही ओढतोय की! सुटत नाही हा!" प्रूएट पांढराफटक पडला होता.

चौघे वर ओढत होते... आणि डोकं खाली आपटत होतं. ठक. खालून ठक. मागच्यांना थट्टा वाटली. ते टाळ्या पिटत होते.

मग एकदम सुटला.

रक्ताचा थेंब नाही. हेस्टर धावली. "लेनी, लागलं का रे?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. वाटेवरच्या परक्या बाईकडे पाहावं तसं.

"ओलं कुरण," तो म्हणाला. "काळं कुंपण. फासाचा माळ. मढ्यांचा ओढा..."

ही सगळी आमच्या हद्दीवरच्या जागांची नावं. त्यातलं मढ्यांचा ओढा हे तर फक्त माझ्या आजोबांच्या तोंडी होतं. त्यांच्यामागे कुणाच्याच नाही.

मोठ्या डॉक्टरकडे न्यायला गाडी केली. हद्दीवरचा पूल आला तसा तो किंचाळला आणि चालत्या गाडीतून उडी टाकली. पुन्हा नेलं, पुन्हा तेच.

आता तो दिवसभर हद्दीवरून फिरतो. शेताचा तंटा निघाला की गाव त्यालाच बोलावतं.

"फुकटात नकाशा मिळाला," प्रूएट म्हणतो. लोक हसतात.

हेस्टर रोज त्याला जेवू घालते आणि विचारते, "मी कोण?"

तो एखाद्या शेताचं नाव सांगतो.

नातू आता तीन वर्षांचा होत आला. परवा भर दुपारी त्याला पुलापलीकडची बदकं दाखवायला निघालो. पुलाशी त्याने माझा हात सोडवून घेतला. खाली वाकला... आणि जमिनीला कान लावला.

"चल की रे."

"नको आजोबा. जाऊ नको म्हणतात."

कोण म्हणतं, हे मी विचारलं नाही.