ढगाळ तंबोरा

रविवारी सकाळी सांगलीत केतकी आरवाडेच्या घरी एक जुना तंबोरा गोधडीवर आडवा निजवला होता, आणि चहाचे कप हातात धरून पाच माणसं त्याच्या भोपळ्याकडे टक लावून बसली होती. तंबोऱ्याला तारा नव्हत्या, खुंट्याही दोनच उरल्या होत्या. पण आज तो वाजवायचा नव्हता, वाचायचा होता.

या मंडळींनी स्वतःला ‘कानसेन मंडळ’ असं नाव दिलं होतं. गाता त्यांच्यातल्या कुणालाच येत नव्हतं. मागाल तसं गाणं यंत्र चुटकीसरशी रचून देई, अशा त्या दिवसांत हे लोक मात्र श्वास घेणाऱ्या माणसानं गायलेलं आणि कुणाच्या कानी न पडलेलं गाणं हुडकत फिरत. सापडलं की आधी मिळून ऐकायचं, मग जगाला खुलं करायचं. अट एकच. गाणारं माणूस हयात असेल, तर त्याचा होकार हवा. नाही म्हणालं, तर त्याच दिवशी गाणं पुसायचं.

केतकीनं भोपळ्यावरच्या एका पांढुरक्या डागावर आपलं यंत्र टेकवलं. हा ‘लाखवाचक’ तिनंच बनवलेला.

“लाखेचं पॉलिश ओलं असताना जवळ कुणी गायलं, तर भोपळ्याचं कवच थरथरतं,” ती सांगू लागली. “लाख एरवी इतकी झटकन सुकते, की त्या थरथरीचा माग राहत नाही. पण तिला तोंडाची वाफ लागली तर ती सावकाश सुकते. थरथर थरातच गोठते, आणि वर असा ढग धरतो. ढगाळ माल म्हणून असा तंबोरा कुणी घेत नाही. हा मला भंगारात मिळाला.”

“म्हणजे डाग आहे तिथंच गाणं?” गवाणकरकाकांनी विचारलं. मंडळात तेच सगळ्यांत वडील, आणि सगळ्यांत बोलघेवडे.

“हो. आणि एकदाच. वाचताना थर वितळतो, ढग जातो.”

“मग माझा चहा संपू दे. भुरके नकोत मध्ये.”

यंत्राची बारीक घरघर झाली. मग खूप लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एका तरुण बाईचा आवाज आला.

पहिला देते हात, भोपळ्या तुझ्या पोटाला
तुझ्या पोटी गाणं, माझं कुलूप ओठाला

दुसरा देते हात, लाख झाली गं आरसा
त्यात माझा बाप, उभा वेशीत जरासा

तिसरा देते हात, उद्या लागतील तारा…

आणि तिथंच दुसरा आवाज खेकसला, “जैतून! थोबाड बंद! वाफ लागतीया लाखंला!”

मग नुसती खरखर. डाग गेला होता. लाख तिथं काचेसारखी स्वच्छ झाली होती.

काकांना राहवेना. “उद्या लागतील तारा, खिडकीतून येतो वारा! जमतंय की नाही?”

“काका, तुम्ही चहा घ्या,” केतकी म्हणाली. पण ‘वेशीत जरासा’ हे शब्द ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तंबोऱ्याच्या मानेवर कारखान्याची खूण होती आणि त्या खेकसण्यात नाव. तंबोरा घेऊन केतकी मिरजेत गेली; तंबोरे घडवणाऱ्यांच्या गल्लीत तो कारखाना शोधायला वेळ लागला नाही. कारखाना अजून चालू होता. पुढं बसून भोपळा कोरणाऱ्या यासीननं केतकीचं सगळं ऐकून घेतलं आणि आत हाक दिली, “अम्मा, तुझा ढगाळ माल आलाय बघ परत!”

जैतूनबी भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात सुरकुतलेले, पण बोटांच्या टोकांवर लाखेचा लालसर रंग अजून होता. केतकीनं वाचताना उतरवून घेतलेलं गाणं त्यांना ऐकवलं. पहिल्या ओळीला त्यांनी डोळे मिटले. बापाच्या ओळीला पदर तोंडाशी गेला. तो खेकसणारा आवाज, त्यांच्या सासूचा, आला तशा मात्र त्या दचकून सावरून बसल्या, आणि मग खळखळून हसल्या.

“मेली तरी वरडतीयाच बघ!” त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, “त्या दिवसापास्नं लाखेचं काम काढून घेतलं माझं. मला स्वैपाकाला घातलं. मग पुन्ना नाही गायले. गाऊ कुणापुढं? भोपळा कुणाला सांगत नव्हता, म्हणून त्याच्यापुढं गात होते.”

“आणि आम्ही त्याला बोलतं केलं,” केतकी ओशाळून म्हणाली. “तुम्ही नको म्हणालात तर आत्ता पुसते, आजी.”

“किती जणांनी ऐकलं?”

“पाच.”

“काय म्हणले?”

“काही म्हणवलंच नाही कुणाला. एका काकांनी तेवढी शेवटची ओळ जुळवली. खिडकीतून येतो वारा.”

“वारा?” जैतूनबींनी कपाळाला हात लावला. “लाख ओली असताना खिडकी कोण उघडतंय? धूळ बसंल की! सांग तुझ्या काकाला.” त्यांनी तंबोऱ्यावर हात ठेवला. “ऐकव जगाला. माझा बाप बगू दे लोकांना. पन अर्धं नको. अर्धं गाणं म्हंजे दारातनं माघारी धाडलेली लेक.”

केतकीनं आनंदानं ध्वनिमुद्रक पुढं केला. त्यांनी तो बोटानं बाजूला सारला.

“डबीपुढं नाही येत मला. यासीन, लाख दे.”

कापडाची पुरचुंडी लाखेत बुडवून त्यांनी त्या स्वच्छ झालेल्या जागी हात फिरवला. हात थरथरत होता, पण लाखेवर पडला की ठरत होता. मग त्या भोपळ्यावर इतक्या जवळ वाकल्या की ओठ जणू टेकलेच. त्या काय गायल्या ते हातभर अंतरावरच्या केतकीला ऐकू आलं नाही. यासीनही हातातलं पटाशीचं काम थांबवून बघत राहिला. ओल्या लाखेवर हळूहळू एक पांढुरका ढग धरला.

“घे. झालं पुरं.”

“आजी, हे वाचलं की ढग जाईल.”

“ठाऊक हाय.” जैतूनबी त्या डागाकडं तान्ह्या पोराकडं बघावं तशा बघत होत्या. “सासू असती तर ह्योबी भंगारात घातला असता. पयल्यांदाच माझा ढग कुणी ऱ्हाऊ दिलाय. आता तुजं तू बघ, पोरी.”

पुढच्या रविवारी तंबोरा पुन्हा गोधडीवर निजला. चहा झाला. वाऱ्याच्या ओळीवरून काकांची यथेच्छ थट्टा झाली. मग केतकीनं यंत्र उचललं. ते भोपळ्यापासून बोटभर अंतरावर आलं, आणि तिचा हात थांबला.

“अगं, लाव की,” काका म्हणाले. आज त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “तिचा होकार आहे ना?”

“पुऱ्या गाण्याला आहे. आणि पुरं गाणं या ढगात आहे. वाचलं की तो जाईल.”

काका उठून गोधडीशी बसले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी तो डाग जवळून पाहिला आणि एकदम तळहात स्वतःच्या तोंडावर धरला. आपल्या श्वासाची वाफ लागू नये म्हणून.

“केतकी,” ते तळहाताआडून पुटपुटले, “एका बाईचं गाणं सगळ्या जगानं ऐकावं म्हणून तिचा हा एवढासा ढग आपल्या हातानं पुसायचा का गं?”