काळ्या पट्टीवरची पिवळी बोटं

उद्या माझ्या लेकीच्या, दाओनच्या छातीचा एक्स-रे. चित्र टिपणारी नव्या तऱ्हेची पट्टी आहे, किरण कमी लागतात, असं डॉक्टर म्हणाल्या. तरी मला झोप नाही. मी वाचते फार, हाच माझा आजार. शेवटी सासऱ्यांना विचारलं. देजॉन शहरातल्या ज्या संस्थेत असल्या पट्ट्या घडवतात, तिथेच त्यांची हयात गेली. त्यांनी दिवा बारीक केला आणि दाओनच्या देखतच सुरू केलं.

"दाओनची आई, आमच्याकडे एक प्यो साहेब होता. मान ताठ, डोकं रिकामं. पट्टीवरचा काळा थर ओल लागली की पिवळा पडतो. मग चित्र पुसट. पुसट आलं की लेकराला पुन्हा किरणांसमोर उभं करा. त्याच्या हाताखालची यु-रिन हेच सांगायची, वरचा लेप ओल अडवत नाही म्हणून. हा म्हणायचा, 'बाई, तुझेच हात घामट. पेटीपासून लांब राहा.' आणि चाचणी घेतली ती खोलीतली हवा कोरडी करून. छत्रीखाली उभं राहून सांगायचं, मी पावसात भिजत नाही.

यु-रिन गेल्या साली एप्रिलात वारली.

त्याच उन्हाळ्यात, चोबोकच्या सणाच्या रात्री, रिवाजाचं कोंबडीचं सार ढोसून, प्यो पट्टी न्यायला गेला. सकाळी ती इस्पितळाला द्यायची होती. बाहेर धो धो पाऊस. पट्टी बंद काचेच्या पेटीत. पेटीला रबरी हातमोजे जोडलेले. आतल्या कोरड्या वायूच्या दाबाने ते नेहमी बाहेर फुगलेले असतात, कुणी हात पुढे केल्यासारखे."

सासऱ्यांनी दिवा आणखी बारीक केला.

"त्या रात्री मोजे आत वळलेले होते... कुणी हात घातल्यासारखे भरलेले. 'दाब गेला असेल,' प्यो म्हणाला. एकटाच. काटा पाहिला. दाब होता. बोटं हलली... पट्टीपाशी गेली..."

"मग?"

"मग काय. शहाणा पळाला. एक सपात तिथेच राहिली. सकाळी माझ्याकडे येऊन रडला, म्हणून मी बघायला गेलो. मोजे बाहेर फुगलेले. ओलीचा काटा शून्यावर. ती पट्टी काही इस्पितळाला गेली नाही. लेप नव्याने केला, यु-रिन सांगायची तसा. उद्याची पट्टी त्याच लेपाची."

"पण का नाही गेली?"

"काळ्यावर चार पिवळी बोटं होती. रबराची नव्हेत. कातडीच्या रेषा दिसत होत्या..."

मी दाओनला जवळ ओढलं. ती घाबरली नव्हती. तिने माझा तळवा उलटा करून निरखला.

"आई, उद्या तू बाहेरच थांब. तुझे हात ओले आहेत."